नवीन बांधलेलं इंजिन पहिल्यांदा चालू करायचंय, आयडलवर सोडू की लगेच रेस देऊ?

अर्धाबोल्ट

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहायची वेळ आज आली. वडिलांची जुनी गाडी आहे, चार सिलिंडर पेट्रोल, कार्बोरेटर, पुशरॉडचं इंजिन. ऑईल इतकं पीत होती की डिपस्टिक काढून बघायची लाज वाटायची. शेवटी इंजिन उतरवलं. बोअर करून ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाकले, रिंगा नव्या, मेन आणि बिग एंडचे बेअरिंग नवे, कॅम (व्हॉल्व्ह उघडायला लावणारा दांडा) खाल्लेला निघाला म्हणून कॅम आणि त्याच्यावर टेकणारे आठही टॅपेट नवे, हेडचे व्हॉल्व्ह घासून बसवले. मशीनिंग सोडलं तर बांधणी सगळी माझी स्वतःची, रविवारचाच वेळ मिळतो त्यामुळे सात महिने गेले. आता इंजिन गाडीत बसलंय, बॅटरी जोडायची तेवढी बाकी आहे आणि माझा हात काही पुढे जात नाहीये.

कारण तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्यात. ज्यांनी बोअर केलं ते म्हणतात चालू करून दोन तास आयडलवर सोडून दे, रिंगा हळूहळू बसतात. मित्र म्हणतो काही नाही, चालू कर आणि सरळ हायवेला काढून पिळ. तिसऱ्याने सांगितलं की चालू झाल्या झाल्या २००० च्या वर रेस धरून वीस मिनिटं ठेव, आयडलला येऊच द्यायचं नाही. नव्या कोऱ्या इंजिनाला पहिल्याच मिनिटाला २००० आरपीएम, मला तर ऐकूनच पोटात गोळा आला.

दुसरं म्हणजे इंजिन बांधून दोन महिने झालेत, आतलं ऑईल खाली उतरलं असणार ना? मग पहिला सेल्फ मारताना बेअरिंग कोरडेच फिरणार का? आणि मी भारीतलं फुल सिंथेटिक ऑईल आणून ठेवलंय ते चालेल ना?

---

टॅपेट_टकटक

आधी सिंथेटिकचा डबा बाजूला ठेव, तो १५०० किमीनंतर लागेल. आता दोन गोष्टी सांग मग नीट लिहितो. १) टॅपेट फ्लॅट (तळाने कॅमवर घासणारे) आहेत का रोलर (चाकावर फिरणारे)? २) ऑईल पंप कशावर फिरतो, डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर, कॅमच्या टोकावर की क्रँकच्या नाकावर? आणि बांधताना कॅमवर काय लावलं होतंस, साधं ऑईल की असेंब्ली लूब (बांधताना लावायचं चिकट वंगण)?

---

अर्धाबोल्ट

टॅपेट फ्लॅट. पंप कॅमच्या मागच्या टोकाला आहे. कॅमच्या लोबवर (उंचवट्यांवर) आणि टॅपेटच्या तळाला ती काळी चिकट पेस्ट लावलीय जी कॅमसोबत पाकिटात आली होती, बेअरिंगला असेंब्ली लूब. बोअरला आणि रिंगांना साधं इंजिन ऑईल, तेही थोडंसंच.

---

टॅपेट_टकटक

मग तिसरा माणूस बरोबर बोलतोय. बोअरवाले काका रिंगांचा विचार करतायत (आणि तोही चुकीचा, त्यावर नंतर येतो) पण तुझी पहिली काळजी रिंग नाहीच, कॅम आहे.

फ्लॅट टॅपेटमध्ये काय होतं बघ. कॅमचा लोब आणि टॅपेटचा तळ यांच्यात जो दाब असतो तो इंजिनातल्या सगळ्यात वाईट जागांपैकी एक, रेघेएवढ्या जागेवर सगळा स्प्रिंगचा जोर. आणि तिथे प्रेशरने ऑईल येतच नाही, क्रँक फिरताना जे उडतं तेच लोबवर पडतं. आयडलला, ८०० आरपीएमला, उडणार किती? म्हणून २००० ते २५०० धरायचं, म्हणजे आत पाऊस पडल्यासारखं ऑईल पडत राहतं. शिवाय टॅपेट स्वतःभोवती फिरायला हवा. लोब अगदी किंचित तिरका घासलेला असतो आणि टॅपेटचा तळ किंचित फुगीर, त्यामुळे तो गोल फिरतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. हा फुगीरपणा नुसत्या डोळ्याला दिसत नाही. दोन टॅपेटचे तळ एकमेकांना टेकव आणि उजेडाकडे धर, मधे टेकलेले आणि कडेला केसाएवढी फट दिसेल. जुन्या टॅपेटचं असंच करून बघ, कळेल फरक.

तर पहिली वीस मिनिटं, जमलं तर तीस, २००० ते २५०० मध्ये वरखाली करत राहायचं, एकाच आकड्यावर पाय गोठवायचा नाही. त्या वेळात लोब आणि टॅपेट एकमेकांना ओळखतात, एकदा ओळख झाली की मग जन्मभर आयडल कर. रोलर टॅपेट असते तर हे सगळं सोडून दिलं असतं.

ऑईल साधं मिनरल घे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं, आणि झिंकवालं, लोब आणि टॅपेट घासताना झिंकच वाचवतं. ब्रेक-इनसाठी (नवं इंजिन रुळवण्यासाठी) म्हणून वेगळं मिळतं ते सगळ्यात बरं. २००४ च्या एपीआय एसएम या ऑईलच्या दर्जापासून पातळ ग्रेडच्या पेट्रोल ऑईलमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर आणून ठेवलाय, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून, आणि झिंक त्याच्याच जोडीने येतं त्यामुळे तेही कमी झालं. नव्या गाड्यांना चालतं, नव्या फ्लॅट कॅमला नाही चालत.

पंप कॅमच्या टोकावर म्हणजे ड्रिल लावून ऑईल चढवायचा मार्ग तुला बंद. डिस्ट्रिब्युटरवर फिरणारा पंप असता तर डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने शाफ्ट फिरवला असता आणि इंजिन न हलवता वरपर्यंत ऑईल आलं असतं. तुझ्याकडे दोन पर्याय. ऑईल प्रेशर स्विचच्या भोकातून बाहेरून दाबाने ऑईल सोडायचं, त्यासाठी एक प्रेशरचा डबा लागतो. नाहीतर प्लग काढून सेल्फने फिरवायचं. पण सेल्फने फिरवत बसलास की कॅमवरची ती काळी पेस्ट पुसली जाते, ती पहिल्या मिनिटासाठी राखून ठेवलेली असते. म्हणून सेल्फ मारण्याआधी रॉकर शाफ्ट काढून ठेव, म्हणजे स्प्रिंगचा जोर टॅपेटवर येणार नाही, कॅम मोकळा फिरेल. रॉकरचे पाय हेडच्याच स्टडवर असतील तर मात्र हे करू नकोस, हेडचा टॉर्क (आवळलेला जोर) जाईल. मग टॅपेटचे स्क्रू पूर्ण सैल करून जेवढे निघतील तेवढे पुशरॉड काढ.

---

जुनाकार्ब

वरचं सगळं बरोबर, मी फक्त माझी फजिती सांगतो म्हणजे कळेल की 'आयडलला येऊ द्यायचं नाही' याचा खरा अर्थ काय.

माझं पहिलं इंजिन. रात्री अकराला बांधून झालं, झोप येणं शक्यच नव्हतं म्हणून चालू करायचं ठरवलं. पहिल्या सेल्फला फुर्र झालं आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहायला लागलं, फ्लोट अडकला होता. बंद. फ्लोटला ठोकलं, पुन्हा चालू, अर्ध्या मिनिटात लक्षात आलं की फॅन बेल्ट सैल आहे आणि किंचाळतोय. बंद. पुन्हा चालू, आता टायमिंग अंदाजाने लावलेलं म्हणून रेसच घेईना, आयडलला गचके देत उभं, मी डिस्ट्रिब्युटर फिरवतोय, फिरवतोय, फिरवतोय. मग रेडिएटरचा खालचा पाईप गळायला लागला. बंद. असं पाच सहा वेळा झालं आणि शेवटी दमून झोपलो. आठवड्यात टकटक सुरू झाली, आधी वाटलं टॅपेट सेटिंग हललं असेल, सेट केलं, चार दिवसांत पुन्हा सैल. मग उघडलं. तिसऱ्या टॅपेटचा तळ जो फुगीर असायला हवा तो बशीसारखा खोलगट झाला होता, बोट फिरवलं तर नख अडकत होतं, आणि समोरचा लोब टोकाला गोल झालेला. तो सगळा लोखंडाचा कीस कुठे गेला? ऑईलमध्ये, तिथून नव्या बेअरिंगमध्ये. सगळं पुन्हा उतरवलं.

इंजिनात चूक काहीच नव्हती बरं का. चूक फ्लोटमध्ये, बेल्टमध्ये, क्लिपमध्ये होती. म्हणून सांगतो, पहिला स्टार्ट म्हणजे ट्रायल समजू नकोस. 'बघू तरी चालू होतंय का' हे वाक्य डोक्यातून काढून टाक. चाकं लावून गाडी लगेच रस्त्यावर काढायचीय अशी तयारी आधी पूर्ण कर आणि मगच किल्ली फिरव, कारण एकदा पेटलं की वीस मिनिटं थांबायची सोय नाही.

कार्बोरेटर आधी बाकावर भरून बघ, फ्लोट बंद होतो का, गळतं का. जुनं पेट्रोल टाकीत असेल तर काढ, सात महिन्यांचं पेट्रोल म्हणजे पाणीच. आणि चालू करायच्या आधी फ्लोट चेंबर हाताने भरून ठेव, नाहीतर पेट्रोल वर येईपर्यंत सेल्फच मारत बसशील, तेही कॅमला नको.

---

बारातेरा

टायमिंगबद्दल (प्लगची ठिणगी कधी पडते ते) थोडं, कारण नव्वद टक्के लोक इथेच अडकतात आणि मग सेल्फ मारून मारून बॅटरी आणि कॅम दोन्ही संपवतात.

एक नंबरचा प्लग काढ, भोकावर अंगठा ठेव, दुसऱ्याला पुलीच्या नटला पाना लावून हळू फिरवायला सांग. एका वेळी अंगठा बाहेर ढकलला जाईल, फुस्स करून हवा येईल, तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. तिथून पुलीची खूण टायमिंगच्या अंशावर आण, मॅन्युअलमध्ये असेल, अशा इंजिनांना बहुतेक टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) आधी ५ ते १० अंश असतं. आता डिस्ट्रिब्युटरचं टोपण उघडून बघ, रोटर एक नंबरच्या वायरकडे बघतोय का. पुलीची खूण प्रत्येक फेरीला येते पण कॉम्प्रेशन दोन फेऱ्यांत एकदाच, त्यामुळे खूण बघून डिस्ट्रिब्युटर बसवलास तर अर्ध्या वेळा तो १८० अंश उलटा बसतो आणि कार्बोरेटरमधून भडका येतो. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट (उघडमीट होऊन ठिणगी पाडणारे संपर्क) असतील तर १२ व्होल्टचा छोटा बल्ब लावून पॉइंट नेमके उघडतात त्या जागेला डिस्ट्रिब्युटर आवळ. मग वायरी फायरिंग ऑर्डरने, १-३-४-२ असेल तर तशी, रोटर फिरतो त्या दिशेने. बल्बने लावलं की पहिल्या दुसऱ्या सेल्फला पेटतंच.

टायमिंग फार मागे राहिलं तर अजून एक त्रास, वीस मिनिटं २००० वर चालताना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालभडक होतो आणि गाडी तापते. लोक म्हणतात नवीन इंजिन घट्ट आहे म्हणून तापलं. घट्ट वगैरे काही नसतं, टायमिंग बघा.

आणि हो, क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून झालंय ना? ७२० अंश, सगळे व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतात. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, शोधायचं. सेल्फ मोटरला दया नसते.

---

वायरगुंता

इंजिनाची अर्थ पट्टी लावलीस का? हसू नका, इंजिन उतरवून पुन्हा चढवलं की ही एकच वस्तू हमखास खाली राहते. माझ्याकडे सेल्फ मारल्यावर एक्सलेटरची केबल लाल होऊन तिच्यावरचं प्लास्टिक वितळलं, कारण सेल्फचा सगळा करंट तिच्यातून बॉडीला चालला होता. पाच मिनिटं मला कळेना की धूर इंजिनाचा नाही.

---

अर्धाबोल्ट

बाप रे. अर्थ पट्टी खरंच डब्यात आहे, आत्ता बघून आलो 😅

बाकी प्रश्न: सेल्फने ऑईल चढवताना किती वेळ मारायचा, कळणार कसं की चढलं? माझ्या गाडीला मीटर नाही फक्त लाल दिवा आहे.

---

टॅपेट_टकटक

दिव्यावर विसंबू नकोस. तो बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.५ बारला विझतो, म्हणजे पाच सात पीएसआय, तेवढ्यावर २००० आरपीएम चालवायचं नसतं. स्विच काढून त्या जागी साधं मेकॅनिकल गेज लाव, पाईपवालं, ब्रेक-इन झालं की काढ नाहीतर कायमचं राहू दे. ढोबळ हिशोब असा की गरम इंजिनात दर १००० आरपीएमला १० पीएसआय तरी हवेत. थंड ऑईलला यापेक्षा बरंच जास्त दिसेल, घाबरू नकोस.

फिल्टर बसवण्याआधी ऑईलने भर, आडवा बसत असेल तर सांडणार नाही इतपत भर आणि कागदाला पिऊ दे. पंप बांधताना गिअरमध्ये पेट्रोलियम जेली भरली होतीस का? नसेल तर पंप कोरडा असू शकतो आणि कोरडा पंप ऑईल ओढत नाही, नुसता हवा घुसळतो. जेली का तर ती गरम ऑईलमध्ये विरघळून जाते. बेअरिंगचं ग्रीस कधीच भरू नका, ते विरघळत नाही आणि भोकं बुजवतं.

चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, पेट्रोलचा पाईप बंद. प्लग नसले की कॉम्प्रेशन नाही, बेअरिंगवर जोर नाही आणि सेल्फ जोरात फिरतो. दहा पंधरा सेकंद मारायचा, मिनिटभर थांबायचं, सेल्फ तापतो. चार पाच वेळात गेज हललं पाहिजे आणि रॉकरला ऑईल जातं त्या हेडवरच्या भोकातून ऑईल वर आलेलं डोळ्याने दिसलं पाहिजे. दिसलं की एकदा अजून मार आणि बंद कर. मग रॉकर बसव, टॅपेट सेट कर, प्लग लाव. हे सगळं ज्या दिवशी चालू करायचंय त्याच दिवशी कर, आधीच्या आठवड्यात नको. दहा वेळा मारूनही गेज मेलेलं असेल तर चालू करायचंच नाही, पंप उघडायचा.

आणि सेल्फ मारताना क्लच दाबू नकोस, गाडी न्यूट्रलला टाक आणि पाय बाजूला. क्लच दाबला की सगळा जोर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो आणि तिथे अजून ऑईल पोचलेलं नसतं. सवयीने पाय जातो, म्हणून सांगतोय.

---

चौथा_गिअर

कॅमचं झालं, आता रिंगांचं बोलू, कारण तो आयडलचा सल्ला मला बघवत नाही.

रिंगेचा स्वतःचा ताण थोडाच असतो. तिला भिंतीवर दाबतो तो ज्वलनाचा गॅस, तो वरून रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. लोड असेल तर दाब, दाब असेल तर रिंग होनिंगच्या (बोअर घासताना मुद्दाम पाडलेल्या बारीक) चरांवर घासली जाते आणि त्या चरांची टोकं तुटून दोघांचं माप जुळतं. आयडलला सिलिंडरमध्ये दाब असतोच किती? रिंग भिंतीवरून नुसती सरकते, ऑईल तसंच राहतं, भाजतं आणि बोअरवर काचेसारखा थर येतो. एकदा ग्लेझ झाला की मग रिंगा बसतच नाहीत, गाडी ऑईल खात राहते आणि पुन्हा होन मारण्याशिवाय इलाज नाही. म्हणजे दोन तास आयडलवर सोडून बोअरवाल्यांनी स्वतःच्याच कामाची माती केली असती.

म्हणून कॅमची वीस मिनिटं झाली, गळती बघून झाली, ऑईल आणि फिल्टर बदलले की त्याच दिवशी गाडी रस्त्यावर काढायची. वरच्या गिअरला ५० ला आण, मग एक्सलेटर बराच दाबून ८० पर्यंत ने, आणि पाय पूर्ण सोडून गिअरमध्येच ५० ला येऊ दे. पाय सोडल्यावर बोअरमध्ये व्हॅक्युम होतो, रिंगांपाशी ऑईल ओढलं जातं, कीस धुतला जातो आणि भिंत गार होते. असं दहा बारा वेळा. रस्ता रिकामा हवा, मागे कोणी नको. ४००० च्या वर नको आणि वरच्या गिअरला ३० च्या स्पीडला गुरगुरत ओढायचंही नाही, ते तर सगळ्यात वाईट.

---

बारातेरा

इथे माझा थोडा वेगळा सूर. पूर्वी मागच्या काचेवर रनिंग इन लिहून लोक १५०० किमी पन्नासच्या वर जात नसत आणि त्या गाड्याही दोन दोन लाख चालल्यात. लोड द्यायचा हे मान्य पण पहिल्याच दिवशी हायवेला नेऊन अर्धा तास शंभरवर धरायची नाही. नवीन पिस्टन आणि रिंगा घर्षणाने जास्त तापतात, उष्णता जायला वेळ लागतो, सतत लोड दिला तर पिस्टन बोअरमध्ये जाम होऊ शकतो.

---

चौथा_गिअर

मी कुठे सतत म्हटलं, थोडा वेळ लोड आणि लगेच सोडणं, तेच तर लिहिलंय. त्याच्या मित्राचं 'पिळ' आणि माझं यात फरक आहे. जुन्या रनिंग इनमध्येही लोक चढ उतार, गिअर बदलणं हे करायचेच, एका स्पीडला कोण चालवायचं. पहिले ८०० किमी एका आरपीएमवर लांब पल्ला नको एवढं तर आपलं जमतंय ना.

---

बारातेरा

जमतंय. आणि रिंग गॅप (रिंगेच्या दोन टोकांमधली फट) तपासलेत का हेही विचारायला हवं होतं आधीच. साध्या इंजिनाला बोअरच्या मापाला ०.००४ ने गुणायचं हा ढोबळ नियम, ७५ मिमीला ०.३० मिमी. कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि मग कुठलंच ब्रेक-इन कामाला येत नाही.

---

अर्धाबोल्ट

गॅप वरच्या रिंगांना ०.३२ ते ०.३५ मिळाले होते, प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये घालून फिलर गेजने बघितल्या. बोअर साबणाच्या गरम पाण्याने ब्रशने धुतले होते आणि ऑईल लावलेलं पांढरं फडकं फिरवून काळं यायचं थांबेपर्यंत पुसले. आधी नुसत्या केरोसिनने धुतलं होतं तेव्हा फडकं करडंच येत राहिलं, होनिंगची पावडर चरांत बसलेली असते ती साबणानेच निघाली.

या रविवारी करतो. काही राहिलं असेल तर सांगा.

---

ट्विनकॅमी

ज्यांच्या गाड्या नवीन आहेत त्यांनी हा धागा वाचून २००० वर वीस मिनिटं धरू नका, रोलर फॉलोअरवाल्या (म्हणजे फ्लॅटऐवजी रोलर असलेल्या) इंजिनाला त्याची गरज नाही. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून प्लगशिवाय फिरवा, प्रेशर आलं की लावा, गरम झालं की रस्त्यावर. बाकी रिंगांचं सगळं तसंच.

---

जुनाकार्ब

रविवारसाठी: गाडी उघड्यावर लाव, बंद गॅरेजमध्ये वीस मिनिटं एक्झॉस्ट म्हणजे जीवाशी खेळ. अग्निशामक हाताशी, कार्बोरेटर उघडा असताना विनोद नको. एक माणूस एक्सलेटरवर, त्याने गेज आणि टेंपरेचर सोडून कुठेच बघायचं नाही, दुसरा बॉनेटपाशी गळती बघायला. २००० ला ओरडलेलं ऐकू येत नाही, हाताच्या खुणा आधी ठरवा. रेडिएटर भरताना हीटरचा नळ उघडा ठेव आणि वरचा पाईप दाबून दाबून हवा काढ, थर्मोस्टॅटला हवा जायला बारीक भोक किंवा हलती पिन असेल तर ती वरच्या बाजूला आहे ना बघ. हवेचा फुगा सेन्सरपाशी अडकला तर काटा थंड दाखवतो आणि हेड आत उकळत असतं.

गेज पेटल्यावर पाच सात सेकंदांत वर गेलं नाही तर बंद, तिथे विचार नाही. गळतीसाठी, आवाजासाठी मात्र लगेच बंद करू नका, आधी बघा. मॅनिफोल्डवरचं ऑईल आणि रंग जळून धूर येतो, सायलेन्सरमधूनही येतो. येऊ दे.

---

अर्धाबोल्ट

झालं!! हात अजून थरथरतायत, लिहितो तसं वाचा.

सकाळी आठला सुरुवात. अर्थ पट्टी सगळ्यात आधी. रॉकर काढले, प्लग काढले, पहिले दोन सेल्फ काहीच नाही. तिसऱ्याला गेजचा काटा हलल्यासारखा वाटला, चौथ्याला २५ वर गेला आणि हेडवरच्या त्या भोकातून ऑईल बुडबुडे करत वर आलं आणि मग बुडबुडे थांबून सरळ वाहायला लागलं, इतका सुंदर सीन मी सात महिन्यांत बघितला नव्हता. रॉकर लावले, टॅपेट सेट केले, पुशरॉडना पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि हाताने फिरवून बघितलं, आठही थोडे थोडे गोल फिरतायत.

दुपारी एकला किल्ली. बल्बने टायमिंग लावलेलं, दुसऱ्या सेल्फला पेटलं. भाऊ एक्सलेटरवर, मी बॉनेटपाशी. गेज ६० ला. मी 'वर' ची खूण करत होतो आणि तो मलाच हात दाखवत होता कारण त्याला वाटलं मी हाय म्हणतोय. असो, २२०० वर स्थिरावलं. दोन मिनिटांनी मॅनिफोल्डमधून एवढा धूर की शेजारून कोणीतरी डोकावलं, तुम्ही सांगितलं नसतं तर मी बंद केलं असतं शंभर टक्के. आठव्या मिनिटाला हीटरच्या पाईपातून थेंब थेंब, चालूमध्येच क्लिप आवळली, थांबलं. टेंपरेचर काटा हलत नव्हता, वरचा पाईप हात लावून बघितला तर थंड, जीव वर आला, मग दोन मिनिटांत एकदम गरम झाला आणि काटा अर्ध्यावर येऊन थांबला, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पंचवीस मिनिटं धरलं. शेवटी गरम ऑईलवर २२०० ला ४२ पीएसआय, आयडलला १८.

ऑईल काढलं, फिल्टर कापला. कागदाच्या घड्यांमध्ये बारीक चमचम आहे, चांदीच्या रंगाची, आणि त्या काळ्या पेस्टचा चिखल. चमचम बघून परत पोटात गोळा.

---

टॅपेट_टकटक

वा! चमचम पिठाएवढी बारीक आहे की कण बोटाला टोचतात? प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून फिरव. चिकटलं तर लोखंड, रिंगा आणि बोअरचं, पहिल्या फिल्टरला येणारच. चिकटत नाही आणि तुकडे पापुद्र्यासारखे आहेत किंवा तांब्याच्या रंगाचे आहेत तर बेअरिंग, मग थांब आणि लिही.

---

अर्धाबोल्ट

पीठच, आणि जवळजवळ सगळं चुंबकाला चिकटलं. तांबं कुठे दिसलं नाही.

---

टॅपेट_टकटक

मग काढ रस्त्यावर. पुन्हा फिल्टर ८०० किमीला काप, तो जवळपास स्वच्छ निघायला हवा.

---

अर्धाबोल्ट

बऱ्याच दिवसांनी धागा वर आणतोय. ८०० किमी झाले. ५० ते ८० वाले फेरे पहिल्याच संध्याकाळी बारा वेळा केले, पहिल्या तीन चार वेळेला पाय सोडल्यावर मागे निळसर धूर दिसत होता, नंतर कमी होत गेला, आता सकाळी थंड चालू केल्यावरही नाही. ऑईल पहिल्या ३०० किमीत थोडं खाली आलं, त्यानंतर डिपस्टिकवर खूण तिथेच आहे. रोज बघतोय, आता लाज वाटत नाही. दुसऱ्या फिल्टरमध्ये शोधून शोधून दोन कण.

कॉम्प्रेशन चालू केल्याच्या दिवशी घेतलं होतं ते १३५, १२८, १४०, १३० पीएसआय होतं. काल गरम इंजिनावर, एक्सलेटर पूर्ण दाबून, १५८, १५५, १६०, १५५. वडिलांना आकडे वाचून दाखवले, ते म्हणाले ते ठीक आहे पण हॉर्न अजून वाजत नाहीये. हॉर्नची वायर जोडायची राहिलीय.